आर्क्टिक अलास्कातील नद्या आणि पर्वतांचे स्थलदर्शक नकाशे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नेमक्या कोणत्या प्रदेशाबद्दल आहेत?

अलास्काच्या उत्तर भागात, आर्क्टिक वृत्तापलीकडे, ब्रुक्स पर्वतरांग पूर्व-पश्चिम सुमारे १,१०० किलोमीटर पसरली असून तिचे पूर्वेकडचे टोक कॅनडाच्या युकॉन प्रदेशात शिरते. येथील सर्व प्रश्न याच रांगेबद्दल आणि तिच्यात उगम पावणाऱ्या नद्यांबद्दल आहेत. दक्षिण उतारावरील कोयुकुक आणि शीनजेक यांचे पाणी युकॉन नदीमार्गे बेरिंग समुद्राला जाते, उत्तर उतारावरील कोलव्हिल, कॅनिंग आणि हुलाहुला आर्क्टिक महासागराला मिळतात, तर नोआटक आणि कोबुक पश्चिमेकडे वाहत जाऊन कोत्झेब्यू आखाताकडे पोहोचतात. संपूर्ण रांग ओलांडणारा मोठा रस्ता एकच आहे. १९७४ साली तेलवाहिनीच्या बांधकामासाठी काढलेला हा डाल्टन महामार्ग ॲटिगन खिंडीतून पलीकडे उतरतो. बाकी सर्व प्रवास लहान विमानाने, होडीने, कुत्र्यांच्या गाडीने किंवा पायी करावा लागतो.

आर्क्टिकमध्ये इतरही दुर्गम पर्वत आहेत, परंतु ही रांग निवडण्यास कारण आहे. होडीतून नदीचे वळण टिपणाऱ्या सर्वेक्षकापासून उपग्रहाच्या छायाचित्रांतून उंची काढणाऱ्या महासंगणकापर्यंत नकाशाशास्त्राची सगळी वाटचाल येथे सव्वाशे वर्षांत घडली आहे, आणि तिचे जवळजवळ प्रत्येक पत्रक, म्हणजे नकाशाचा प्रत्येक सुटा कागद, आज कोणालाही विनामूल्य पाहता येते.

स्थलदर्शक नकाशा इतर नकाशांपेक्षा वेगळा कसा?

त्यात भूभागाचा उंचसखलपणा समोच्च रेषांनी दाखवलेला असतो. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र आणि लांब असतील तर सौम्य, हे भूगोलाच्या शालेय पुस्तकातूनच आपल्याला ठाऊक असते. ब्रुक्स रांगेच्या जुन्या पत्रकांत डोंगराळ भागातील लगतच्या दोन रेषांमधील उंचीचा फरक बहुतेक ठिकाणी १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर आहे. याचा अर्थ असा की २५ मीटरांचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये पूर्णपणे लपू शकतो, आणि नकाशावर चालता येण्याजोगा दिसणारा उतार प्रत्यक्षात उतरता न येणारा निघू शकतो.

या प्रदेशाचे पहिले नकाशे कोणी केले?

कागदावरच्या नकाशांपुरते बोलायचे, तर १८८० च्या दशकात अमेरिकन नौदलाचे लेफ्टनंट जॉर्ज स्टोनी यांनी कोबुक आणि नोआटक खोऱ्यांत केलेल्या मोहिमांपासून सुरुवात करावी लागते. त्यांच्या तुकडीतील डब्ल्यू. एल. हॉवर्ड १८८६ मध्ये पर्वतरांग ओलांडून अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो टोकापर्यंत गेले. तथापि, ज्याला पद्धतशीर सर्वेक्षण म्हणता येईल ते अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे यूएसजीएसने सुरू केले. युकॉनमधील क्लोंडाइक येथे सापडलेल्या सोन्याने उत्तरेकडे माणसांचा लोंढा लावला होता आणि या माणसांना कुठे पाठवत आहोत हेच सरकारला माहीत नव्हते. १८९९ मध्ये भूशास्त्रज्ञ फ्रँक श्रेडर यांनी कोयुकुक खोऱ्यात काम केले. १९०१ मध्ये ते आणि सर्वेक्षक विल्यम पीटर्स होड्यांमधून जॉन नदीने वर चढले, जलविभाजक ओलांडून अनाक्तुवुक नदीत उतरले आणि तेथून कोलव्हिलमार्गे आर्क्टिक किनाऱ्याला लागून बॅरो टोकाकडे गेले. एका उन्हाळ्यात रांगेचा संपूर्ण आडवा छेद नकाशावर आला.

या दोघांच्या कामाची विभागणी समजून घेण्यासारखी आहे. खडक पाहणे हे श्रेडर यांचे काम होते आणि भूमी कागदावर उतरवणे हे पीटर्स यांचे. त्या काळच्या यूएसजीएसच्या अलास्का मोहिमांत अशी जोडी नेहमी दिसते, पण सर्वसाधारण लेखनात भूशास्त्रज्ञाचेच नाव पुढे येते. माझ्या मते हा सर्वेक्षकांवर अन्याय आहे, कारण पुढच्या पन्नास वर्षांत लोकांनी हातात धरली ती त्यांची पत्रके.

ज्यांच्या नावाने ही रांग १९२५ पासून ओळखली जाते ते आल्फ्रेड ब्रुक्स हे यूएसजीएसच्या अलास्कातील कामाचे दीर्घकाळ प्रमुख होते.

लेफिंगवेल यांचे नाव सतत का येते?

कारण एका माणसाने, बहुतांशी स्वखर्चाने, इतके काम केल्याचे दुसरे उदाहरण या प्रदेशात नाही. अर्नेस्ट डी कोव्हन लेफिंगवेल १९०६ मध्ये एयनार मिकेलसन यांच्याबरोबर अलास्काच्या उत्तरेस समुद्रात एखादी अज्ञात भूमी आहे का, हे शोधायला आले. भूमी सापडली नाही आणि बर्फाने जहाज निकामी केले. त्या जहाजाच्या लाकडातून फ्लॅक्समन बेटावर झोपडी उभी राहिली. बाकीचे परतले, लेफिंगवेल मात्र १९१४ पर्यंत ये-जा करत नऊ उन्हाळे आणि सहा हिवाळे तेथे राहिले आणि त्यांनी किनारपट्टीचा व कॅनिंग नदीच्या परिसराचा नकाशा केला. यूएसजीएसने तो अहवाल १९१९ मध्ये प्रसिद्ध केला.

त्या अहवालात नकाशाखेरीज आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे सॅडलरोचिट हे नाव त्यांनी दिलेला खडकांचा थर, ज्यातून पुढे उत्तर किनाऱ्यावरील प्रुडो बेच्या तेलक्षेत्राचे मुख्य उत्पादन झाले. दुसरी म्हणजे जमिनीखालच्या हिमपाचरींचे स्पष्टीकरण: कडक थंडीत गोठलेल्या जमिनीला उभ्या भेगा पडतात, वसंतात वितळलेले पाणी त्यांत उतरून गोठते, दरवर्षी त्याच जागी पुन्हा भेग पडते आणि बर्फाची पाचर रुंद होत जाते. किनारी मैदानावर विमानातून दिसणारे बहुकोनी तुकड्यांचे जाळे यातूनच तयार होते. नकाशा काढण्यासाठी एकाच जागी वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसालाच ही गोष्ट दिसू शकली, असे मला वाटते.

हे लोक दुर्गम डोंगराची जागा आणि उंची कशी मोजत असत?

मुख्य साधने थिओडोलाइट, म्हणजे आडवे आणि उभे कोन मोजणारी दुर्बीण, आणि प्लेन टेबल. प्लेन टेबल म्हणजे तिपाईवर सपाट बसवलेला फळा. त्यावर कागद ताणून सर्वेक्षक एका ज्ञात बिंदूवरून समोरच्या शिखराच्या दिशेने पट्टी धरतो आणि रेघ ओढतो. मग दुसऱ्या ज्ञात बिंदूवर जाऊन त्याच शिखराकडे पुन्हा रेघ ओढतो. दोन रेघा जेथे छेदतात तेथे शिखर. तिसऱ्या बिंदूवरून ओढलेली रेघ त्याच छेदातून गेली तर काम बरोबर, न गेल्यास कुठेतरी चूक आहे. अशा रीतीने ज्यावर कधी पाऊलही पडलेले नाही असा डोंगर नकाशावर अचूक बसवता येतो.

उंचीसाठी शिखराकडे पाहण्याचा उभा कोन मोजून अंतराशी त्याचा मेळ घालतात, मात्र पृथ्वीची वक्रता आणि हवेत प्रकाशकिरणाचे वाकणे यांची दुरुस्ती करावी लागते. १० किलोमीटरवर ही दुरुस्ती सुमारे ७ मीटर असते आणि ३० किलोमीटरवर सुमारे ६० मीटर, कारण ती अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्यातही आर्क्टिकमध्ये बर्फाला लागून असलेल्या थंड हवेचा थर किरणांना नेहमीपेक्षा अधिक वाकवतो, त्यामुळे पुस्तकातली सरासरी दुरुस्ती तेथे सर्वांत कमी विश्वासार्ह ठरते.

रेखांश काढण्यासाठी घड्याळ अचूक हवे. वेळेत एका सेकंदाची चूक म्हणजे रेखांशात १५ विकलांची चूक (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). विषुववृत्तावर ती सुमारे ४६० मीटर होते, पण ७० अंश उत्तरेस रेखावृत्ते एकमेकांजवळ आलेली असल्याने १६० मीटरच. आर्क्टिकने सर्वेक्षकाला दिलेल्या थोड्या सवलतींपैकी ही एक.

स्थानिक लोकांना हा प्रदेश आधीपासून माहीत नव्हता का?

अर्थातच होता, आणि "अज्ञात प्रदेश" हा शब्द जुन्या अहवालांत वाचताना तो वॉशिंग्टनमधल्या कागदांपुरता खरा होता हे ध्यानात ठेवावे. किनाऱ्यावरील इन्युपिआट, डोंगरातील नुनामिउट आणि दक्षिणेकडील अथाबास्कन समाज यांचे जीवन कॅरिबू या हरणांच्या कळपांच्या मार्गांवर, खिंडींवर आणि नद्यांच्या गोठण्या-वितळण्यावर उभे होते. ज्या खिंडीतून श्रेडर आणि पीटर्स गेले तो नुनामिउट लोकांचा नेहमीचा रस्ता होता. अनाक्तुवुक खिंडीत आज त्यांचे गाव आहे. लेफिंगवेल यांनीही किनाऱ्यावर राहणाऱ्या कुटुंबांच्या मदतीने प्रवास केले आणि त्यांच्याकडून स्थळनामे गोळा केली.

या समाजांच्या ज्ञानात अंतर बहुधा प्रवासाच्या दिवसांत असते आणि स्थळ त्याच्या उपयोगावरून ओळखले जाते. असे ज्ञान समोच्च रेषांच्या नकाशात सहज बसत नाही, परंतु कोणत्या नदीवर वसंतात बर्फ आधी फुटतो, ही माहिती आजच्या सर्वांत तपशीलवार नकाशातही नाही.

एखाद्या पर्वताची उंची शेकडो मीटरांनी चुकू शकते का?

चुकलेली आहे. वनतज्ज्ञ रॉबर्ट मार्शल यांनी १९२९ पासून वाइझमन या लहान खाणवस्तीला तळ करून कोयुकुकच्या उत्तर शाखेचा प्रदेश पायी धुंडाळला आणि त्याचे नकाशे काढले. नदीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या असलेल्या फ्रिजिड क्रॅग्ज आणि बोरिअल या पर्वतांना त्यांनीच आर्क्टिकचे दरवाजे म्हटले, आणि १९८० मध्ये झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला तेच नाव मिळाले. याच भागातील माउंट डूनरॅकची उंची त्यांनी १०,००० फुटांपेक्षा अधिक धरली होती. आजच्या नकाशात ती ७,४५७ फूट आहे. चढण्याचे त्यांचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत, त्यामुळे माथ्यावर जाऊन तपासण्याची संधी मिळाली नाही.

यावरून मार्शल यांचे काम कमी लेखू नये. नद्यांचे प्रवाह, संगम आणि खिंडी यांचा परस्परसंबंध त्यांनी नीट लावला होता. पायी फिरणाऱ्याच्या नकाशात नद्या नेहमीच डोंगरांपेक्षा अधिक खऱ्या असतात, कारण नदीकाठाने तो चाललेला असतो आणि डोंगर खालून पाहिलेला असतो.

विमानातून छायाचित्रे घेतल्यावर सगळे प्रश्न सुटले का?

बरेच सुटले, काही नवे निर्माण झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ट्रायमेट्रोगॉन नावाची पद्धत वापरली गेली. तीत तीन कॅमेरे एकाच वेळी चालत, एक सरळ खाली पाहणारा आणि दोन दोन्ही बाजूंना तिरके, त्यामुळे एका उड्डाणात या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचा पट्टा टिपला जाई. वैमानिकांसाठीचे लहान प्रमाणाचे तक्ते यातून झटपट तयार झाले. १९५० च्या दशकात उभ्या छायाचित्रांच्या जोड्या घेऊन त्रिमितीय उपकरणांतून समोच्च रेषा काढण्याचे काम झाले आणि त्यातून १:२,५०,००० आणि १:६३,३६० या दोन प्रमाणांची पत्रके निघाली. पुढची अनेक दशके अलास्कातील गिर्यारोहक, वैमानिक आणि शास्त्रज्ञ हीच पत्रके वापरत राहिले.

नवे प्रश्न असे. छायाचित्रांतून मापे काढायला जमिनीवर ज्ञात बिंदू लागतात आणि या रांगेत ते विरळ होते. पांढऱ्या हिमावर डोळ्याला पकडायला काही खूण नसते, त्यामुळे हिमनद्यांच्या वरच्या भागातील रेषा बऱ्याच अंशी अंदाजाने ओढल्या गेल्या. ६८.५ अंश उत्तरेस २१ जूनला दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या वर जात नाही, म्हणून अरुंद दऱ्या सावलीतच राहतात. अनेक जुन्या पत्रकांच्या तळाशी छायाचित्रांचे वर्ष आणि प्रत्यक्ष जागेवर तपासणी झालेली नाही, अशी नोंद बारीक अक्षरात असते. नकाशा उघडताच आधी ती ओळ वाचावी.

अलास्काचे जुने नकाशे १:६३,३६० अशा विचित्र प्रमाणात का आहेत?

एका मैलात ६३,३६० इंच असतात, म्हणून या पत्रकावर एक इंच म्हणजे एक मैल. अमेरिकेच्या मुख्य भूमीत १:२४,००० हे अधिक तपशीलवार प्रमाण रूढ झाले, पण एवढ्या विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या प्रदेशासाठी तो खर्च कोणी केला नाही. या पत्रकांची उंची १५ कला अक्षांश असते, मात्र रुंदी उत्तरेकडे जाताना २० पासून ३६ कलांपर्यंत वाढवलेली असते. तसे केले नसते तर उत्तरेकडील पत्रके चिंचोळ्या पट्ट्या झाली असती, कारण मुंबईच्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०५ किलोमीटर असतो तर ब्रुक्स रांगेत जेमतेम ४१ किलोमीटर.

जुन्या नकाशातली नदी आणि आजची नदी जुळत का नाही?

याला तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिले कारण नदीच्या स्वभावात आहे. उत्तर उतारावरच्या बहुतेक नद्या हिमनद्यांनी आणि भेगांत गोठणाऱ्या पाण्याने फोडलेला प्रचंड दगडगोटा वाहून आणतात, आणि तो वाहून नेण्याइतके पाणी वर्षातून थोडेच आठवडे असते. त्यामुळे पात्र रुंद होऊन वेणीच्या पेडांसारखे अनेक प्रवाहांत फुटते आणि एका पुरात मुख्य धार पात्राच्या या कडेवरून त्या कडेला जाते. अशा नदीसाठी निळी रेघ म्हणजे छायाचित्र घेतले त्या दिवशीचे पाणी. भरवशाची असते ती पात्राच्या दोन्ही काठांची मर्यादा. हिवाळ्यात झऱ्यांचे पाणी बर्फावर पुन्हापुन्हा पसरून गोठते आणि काही नद्यांवर अनेक मीटर जाडीचे थर साचतात. त्यांतले काही जुलै उलटला तरी शिल्लक राहतात आणि हवाई छायाचित्रात तलावासारखे किंवा हिमनदीसारखे दिसतात.

दुसरे कारण जमिनीच्या बदलात आहे. कायम गोठलेली जमीन वितळू लागली की उतार खचतात, किनारी मैदानावरचे तलाव एखाद्या भेगेतून रिकामे होतात आणि नवे तयार होतात. ईशान्य भागातील मॅकॉल हिमनदीचा अभ्यास १९५७ पासून होत आहे आणि ती सातत्याने लहान होत गेली आहे. जुन्या पत्रकात हिमनदीच्या जिभेवर दाखवलेल्या निळ्या समोच्च रेषांच्या जागी आज उघडा गोटाळ उतार असू शकतो.

तिसरे कारण निव्वळ नकाशाचे आहे. जुनी पत्रके १९२७ च्या अमेरिकन आधारप्रणालीवर, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्या चौकटीवर, बेतलेली आहेत आणि नंतरची १९८३ च्या. एकाच बिंदूचे निर्देशांक या दोन प्रणालींत अलास्कात १०० मीटरांहून अधिक फरकाने येऊ शकतात. शिवाय मूळ रेखाटनाच्या चुका वेगळ्याच. नव्या अचूक उंचीवर जुन्या निळ्या रेघा ठेवून पाहिल्या तेव्हा नद्या दरीतून न जाता डोंगरउतारावर चढताना दिसल्या. ही अतिशयोक्ती नाही, आणि संपूर्ण राज्याचा जलप्रवाहांचा नकाशा नव्याने काढण्याचे काम हाती घेण्यामागे हेही एक कारण होते.

सह्याद्रीसाठी आपण वापरतो ती एसआरटीएमची उंचीची माहिती येथे चालेल का?

नाही, कारण ती येथे उपलब्धच नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने ही मोजणी केली, आणि यानाच्या कक्षेमुळे ती ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्याच पट्ट्याची झाली. सह्याद्रीतील ट्रेकच्या उंचीचे बहुतेक आलेख यावरून काढता येतात, ब्रुक्स रांग मात्र त्या पट्ट्याच्या पार बाहेर पडते. मंगळाच्या पृष्ठभागाचे नकाशे अलास्काच्या नकाशांपेक्षा चांगले आहेत, अशी तक्रार अमेरिकेत बरीच वर्षे केली जाई. ती थोडी चढवलेली असली तरी निराधार नव्हती.

मग आज उंचीची सर्वांत चांगली माहिती कोणती?

दोन स्रोत आहेत. पहिला, विमानातून केलेले रडार सर्वेक्षण. २०१० नंतरच्या दशकात यूएसजीएस, अलास्का राज्य आणि इतर संघराज्य संस्थांनी मिळून ते केले. त्यात एकमेकांपासून थोड्या अंतरावरच्या दोन अँटेनांना परत आलेल्या लहरींच्या फरकातून उंची काढतात. ढग आणि अंधार यांचा त्याला अडथळा नाही, आणि अलास्कात ही फार मोठी गोष्ट आहे. त्यातून पाच मीटर अंतराच्या जाळीची उंची मिळाली आणि तिच्यावर आधारलेली १:२५,००० प्रमाणाची अकरा हजारांहून अधिक नवी पत्रके निघाली. दोष असा की रडार तिरके पाहते, त्यामुळे खोल घळीत सावली पडते आणि तीव्र कड्यांच्या माथ्याची जागा सरकते. अशा ठिकाणी भरलेली माहिती शेजारच्या बिंदूंवरून काढलेली असते.

दुसरा स्रोत आर्क्टिकडीईएम. मिनेसोटा विद्यापीठातील ध्रुवीय भूस्थानिक केंद्राने आणि सहकारी संस्थांनी व्यावसायिक उपग्रहांच्या छायाचित्रांच्या जोड्यांतून, इलिनॉय येथील ब्लू वॉटर्स महासंगणक वापरून, ६० अंश उत्तरेपलीकडच्या सर्व जमिनीची दोन मीटर जाळीची उंची काढली. २०१६ पासून ती टप्प्याटप्प्याने खुली झाली. तिचा खरा फायदा तपशिलापेक्षा तारखेत आहे, कारण एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची पट्टी स्वतंत्रपणे मिळते आणि उतार किती खचला किंवा हिमनदी किती पातळ झाली हे वजाबाकी करून काढता येते. पाण्यावर, ढगांच्या जागी आणि नुकत्याच पडलेल्या हिमावर मात्र तिची आकडेवारी बेभरवशाची असते.

येथे एक सूचना. आर्क्टिकडीईएममधील उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली आहे, समुद्रसपाटीपासून नाही. दोहोंतील फरक जागेनुसार बदलतो. मुंबईच्या परिसरात तो साठ मीटरांच्या आसपास असतो. दुरुस्ती न करता ही उंची नकाशावरच्या उंचीशी ताडून पाहू नये.

अमेरिकन आर्क्टिकमधील सर्वांत उंच शिखर कोणते?

माउंट इस्टो, सुमारे २,७३६ मीटर. हे उत्तर २०१६ पर्यंत निश्चित नव्हते, कारण जुनी दोन प्रमाणांची पत्रके एकमेकांशी सहमत नव्हती. एकानुसार चेंबरलिन उंच होते आणि दुसऱ्यानुसार इस्टो. हिमनदीशास्त्रज्ञ मॅट नोलन यांनी आपल्या लहान विमानातून साध्या डिजिटल कॅमेऱ्याने परस्परव्यापी छायाचित्रे घेऊन शिखरांची त्रिमितीय प्रतिकृती तयार केली, आणि स्की-गिर्यारोहक किट डेसलॉरियर्स यांनी माथ्यावर जीपीएस नेऊन तिची पडताळणी केली. इस्टो पहिले, हबली दुसरे आणि चेंबरलिन तिसरे ठरले. हबली आणि चेंबरलिन यांच्यातील फरक पाच-सहा मीटरांचाच आहे.

मला या निकालापेक्षा पद्धत अधिक महत्त्वाची वाटते. कोट्यवधींच्या उपकरणांशिवाय, एक विमान, एक कॅमेरा आणि विमानाच्या जागेची काटेकोर नोंद एवढ्यावर काही डेसिमीटरांच्या आतली अचूकता साधता आली.

तेथे जीपीएस आणि होकायंत्र नीट चालतात का?

जीपीएस चालतो. त्याच्या उपग्रहांची कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेली असल्यामुळे उत्तरेकडे ते डोक्यावर कधीच येत नाहीत. आडवी जागा चांगली मिळते, उंची किंचित कमी अचूक येते. अचूकता वाढवणारे संदेश देणारे भूस्थिर उपग्रह मात्र क्षितिजाला इतके चिकटून असतात की दरीत शिरताच ते डोंगराआड जातात.

होकायंत्राबाबत अधिक सावध राहावे. १९५० च्या दशकातील पत्रकांवर चुंबकीय दिक्पात, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांच्यातील कोन, ३० अंश पूर्वेच्या आसपास छापलेला आढळतो, आणि आज तो बहुतेक ठिकाणी २० अंशांहून कमी आहे. जुन्या पत्रकावरचा आकडा तसाच वापरला तर दर दहा किलोमीटर चालीमागे जवळपास दोन किलोमीटर बाजूला जाण्याची वेळ येईल. महाराष्ट्रात दिक्पात इतका लहान असतो की आपल्याकडचे ट्रेकर त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, आणि ती सवय तेथे घातक ठरते.

इतक्या शिखरांना नावे का नाहीत?

संरक्षित वन्य प्रदेशात नवी स्थळनामे देऊ नयेत, असे अमेरिकेच्या भौगोलिक नाममंडळाचे धोरण आहे, त्यामुळे बहुतेक माथ्यांवर केवळ उंचीचा आकडा असतो. जी नावे आहेत त्यांतली काही लांबून आलेली आहेत. लेफिंगवेल यांनी चेंबरलिन आणि मायकेलसन ही नावे शिकागो विद्यापीठातील एका भूशास्त्रज्ञावरून आणि एका भौतिकशास्त्रज्ञावरून दिली. माउंट इस्टोला अलास्काच्या सर्वेक्षणात काम केलेल्या एका अभियंत्याचे नाव आहे, आणि माउंट हबलीला मॅकॉल हिमनदीवर १९५७ मध्ये मृत्यू पावलेल्या रिचर्ड हबली यांचे. डोंगराला सर्वेक्षकाचे नाव मिळण्याचे प्रसंग जगात थोडेच, म्हणून इस्टो मला विशेष आवडते.

आर्क्टिकच्या अभ्यासाशी आपला काही संबंध आहे का?

अलास्काशी थेट नाही, पण आर्क्टिकशी आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील नी-ॲलेसुंड येथे २००८ पासून भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे आणि त्याचे काम गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. तेथील हिमनद्यांचे वस्तुमान आणि आकार यांच्या मोजणीत भारतीय शास्त्रज्ञ सहभागी असतात.

घरबसल्या या प्रदेशाचा स्वतःचा नकाशा तयार करता येईल का?

येईल. यूएसजीएसच्या संकेतस्थळावरून जुनी आणि नवी दोन्ही पत्रके तसेच रडारची उंची विनामूल्य उतरवता येते. क्यूजीआयएस ही मुक्त संगणकप्रणाली त्यासाठी पुरेशी आहे. एकाच वेळी संपूर्ण रांग हाती घेऊ नये, कारण ती यूटीएम या पृथ्वीला उभ्या पट्ट्यांत विभागणाऱ्या प्रक्षेपपद्धतीच्या पाच विभागांत पसरलेली आहे आणि सुरुवात करणारा प्रक्षेपांच्या गोंधळातच अडकतो. एखादे लहान खोरे घ्यावे, उदाहरणार्थ माउंट इगिकपाकच्या पायथ्याशी असलेला नोआटकचा उगमभाग. उंचीवरून आधी छायांकित उठाव काढावा, त्यानंतर समोच्च रेषा, आणि शेवटी जलप्रवाह संगणकाकडून शोधून घ्यावेत. मग १९५० च्या दशकातले पत्रक त्याखाली बसवून दोन्हींतील नद्यांच्या रेषा ताडून पाहाव्यात. सपाट आणि वेणीसारख्या पात्रात संगणक एकच सरळ प्रवाह ओढतो, तो पुसून अलीकडच्या उपग्रहचित्रावरून हाताने पात्राचे दोन काठ आखणे केव्हाही चांगले.

तेथे जाऊन ड्रोनने छायाचित्रे घेता येतील का?

राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत २०१४ पासून ड्रोन उडवण्यास मनाई आहे, त्यामुळे आर्क्टिकचे दरवाजे या उद्यानात तो विचार सोडावा. लहान विमानातून उतरण्यास मात्र तेथे परवानगी आहे आणि खिडकीतून घेतलेल्या छायाचित्रांवर बंधन नाही.

प्रत्यक्ष प्रवासाला कोणता नकाशा बरोबर न्यावा?

१:६३,३६० ची छापील पत्रके आणि १:२५,००० ची नवी पत्रके दोन्ही न्यावीत. नवी पत्रके उंचीच्या बाबतीत निःसंशय सरस आहेत, पण दिवसभराची वाटचाल त्यांत चार-पाच पत्रकांवर विखुरते आणि वाऱ्यात ती उलगडणे कठीण जाते. जुन्या पत्रकावर एका नजरेत संपूर्ण खोरे दिसते. कागद पाण्यापासून वाचवण्याची सोय करावी, चालू वर्षाचा दिक्पात पेनाने लिहून ठेवावा आणि जीपीएसमधील आधारप्रणाली हातातल्या पत्रकाशी जुळते की नाही, हे विमान सुटण्यापूर्वी तपासावे. नदी ओलांडण्याच्या जागा नकाशावरून ठरवून ठेवू नयेत. हिमनदीतून येणाऱ्या प्रवाहांना दुपारनंतर पाणी वाढते, म्हणून तेथे पहाटे पोहोचून प्रवाह जेथे सर्वाधिक पेडांत विभागलेला दिसेल तेथून पलीकडे जावे.